थायरॉइड नॉर्मल आला, तरी दादाचे डोळे बाहेर का येताहेत? नवीन इंजेक्शन निघालंय म्हणतात, ते खरं का?

तुम्ही लिहिलंय की दादांचं वय 41, वर्षापूर्वी हायपरथायरॉइड (ग्रंथी जास्त काम करते तो) निघाला, कार्बिमॅझोलच्या गोळीवर टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) आता नॉर्मल आहे, तरी डोळे पुढे येत चाललेत आणि सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. दिवसाला दहा-बारा सिगारेटी चालू आहेत. डॉक्टर रेडिओ आयोडीन (ग्रंथीचं जास्तीचं काम कमी करणारं किरणोत्सारी औषध) देऊ म्हणतात.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात माझं मेडिकल स्टोअर आहे, बी. फार्म झालंय, आणि हाच डोळ्यांचा आजार, थायरॉइड आय डिसीज, मी 2022 पासून भोगतेय. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी रेडिओ आयोडीनचं बोलते, कारण ते अडून बसलंय. इटलीतल्या डॉक्टरांनी 443 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांचा त्रास नसलेले किंवा अगदी थोडा असलेले हे लोक होते. नुसतं रेडिओ आयोडीन दिलेल्यांपैकी 15 टक्के लोकांचे डोळे नव्याने बिघडले किंवा होते त्यापेक्षा बिघडले. ज्यांना सोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलं, त्यांच्यात एकाचेही बिघडले नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त होता. म्हणजे रेडिओ आयोडीन वाईट आहे असं नाही. गळ्यासाठी ते चांगलं औषध आहे. पण दादांचे डोळे आत्ता सुजताहेत, म्हणजे आजार जागा, ॲक्टिव्ह आहे. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय ते घेऊ नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. आपण सांगितलं तर बोलतात, हा माझा अनुभव आहे.

आता टीएसएच नॉर्मल असून डोळे का ऐकत नाहीत, ते. थायरॉइडने डोळे बिघडवले असं आपण म्हणतो, ते तसं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःवरच उलटते आणि एकाच वेळी दोन ठिकाणी हल्ला करते, गळ्यातल्या ग्रंथीवर आणि डोळ्यामागच्या मऊ भागावर. गोळी ग्रंथीचं काम आटोक्यात आणते, पण डोळ्यामागे जे पेटलंय त्यापर्यंत ती पोहोचत नाही. तरीही टीएसएच नॉर्मल ठेवणं फार गरजेचं आहे, कारण तो वर-खाली होत राहिला की डोळे आणखी बिघडतात.

डोळा ज्या हाडाच्या खोबणीत बसलेला असतो, तिच्यात साधारण 30 मिलिलिटर जागा असते. आमच्या दुकानातल्या खोकल्याच्या छोट्या बाटलीएवढी. त्यात डोळा, तो फिरवणारे स्नायू, चरबी, नजरेची नस सगळं कोंबलेलं. या आजारात तिथल्या पेशी हायलुरोनिक ॲसिड नावाचा पदार्थ भराभर तयार करतात. तो स्पंजसारखा पाणी धरतो, स्नायू फुगतात, चरबीही वाढते. मागे, बाजूला हाड. मग डोळा जाणार कुठे? पुढेच येणार.

माझं निदान व्हायला आठ महिने लागले. गावातल्या एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून थेंब दिले, मग दुसरे थेंब, मग चष्मा बदलला. मला राग येतो तो त्या आठ महिन्यांचा. कारण या आजाराला एक वेळ असते. रंडल नावाच्या डॉक्टरांनी 1945 च्या सुमारास त्याचा आलेख मांडला, तो आजही वापरतात: आधी सूज वाढत जाते, मग काही काळ तशीच राहते, मग ओसरते. पण डोळे पूर्ववत होत नाहीत. साधारण दीड-दोन वर्षांत सूज विझते आणि स्नायूंमध्ये कडक वण राहतात. स्टेरॉइड वगैरे औषधं सूज जागी असेपर्यंतच लागू पडतात. नंतर उरते शस्त्रक्रिया.

म्हणून पुण्यात ऑक्युलोप्लास्टीचं (पापण्या आणि डोळ्याच्या खोबणीच्या शस्त्रक्रियांचं) काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझा जुना फोटो मागितला. मतदार ओळखपत्रावरचा माझा चेहरा आणि समोरचा चेहरा बराच वेळ बघत राहिले. मग हर्टेल नावाचं एक साधन दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या हाडांवर टेकवलं आणि त्यातल्या आरशांत बघून डोळा हाडापासून किती पुढे आहे त्याचे आकडे सांगितले: उजवा 22, डावा 24 मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक भेटीत हेच दोन आकडे. दादांचेही लिहून ठेवा. सूज जागी आहे की नाही हे सात लक्षणांवरून ठरवतात: डोळा आपोआप दुखणं, फिरवताना दुखणं, पापण्यांची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्या भागाची लाली, तिथली सूज, आणि आतल्या कोपऱ्यातल्या मांसल उंचवट्याची सूज. तीन किंवा जास्त असतील तर आजार जागा आहे असं मानतात. माझी पाच होती.

मला शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं. सहा आठवडे दर आठवड्याला 500 मिलिग्रॅम, नंतर सहा आठवडे 250. एकूण साडेचार ग्रॅम. मध्यम ते तीव्र आजारासाठी ही ठरलेली पद्धत आहे, आणि तेच स्टेरॉइड रोज गोळीतून घेण्यापेक्षा ती जास्त लागू पडते आणि कमी बाधते, हे अभ्यासांत दिसलंय. आधी लिव्हर आणि साखर तपासतात, मध्येही तपासतात. दर शुक्रवारी पहाटेच्या एसटीने पुणे, संध्याकाळी परत. चौथ्या शुक्रवारनंतर सकाळी आरशात माझ्या पापणीची घडी पुन्हा दिसली. मी नवऱ्याला हाक मारून दाखवली.

एक कळकळीचं सांगणं. माझ्या काउंटरवर लोक जुनी चिठ्ठी घेऊन स्टेरॉइडच्या गोळ्या मागतात, "याने डोळ्याला बरं वाटलं होतं" म्हणून. दादांना असं करू देऊ नका. मनाने सुरू करणं आणि मनाने एकदम थांबवणं, दोन्ही घातक आहे.

त्रास सौम्य असेल तर सेलेनियम, आहारातलं एक खनिज. 2011 मध्ये युरोपातल्या एका चाचणीत रोज दोनदा 100 मायक्रोग्रॅम, सहा महिने दिलं, तर सौम्य आजार असलेल्यांना फरक पडला. तिथल्या लोकांच्या आहारात सेलेनियम मुळात कमी, हे मात्र लक्षात ठेवा. डॉक्टरांना विचारूनच.

आता तुम्ही विचारलेलं इंजेक्शन. ते खरं आहे. नाव टेप्रोटुमुमॅब. मुळात ते कॅन्सरसाठी तयार केलं होतं, तिथे चाललं नाही. पण डोळ्यामागच्या त्याच पेशींवर आयजीएफ-1 रिसेप्टर (संदेश पकडणारं एक टोक) असतो, तो हे औषध बंद करतं. अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मंजुरी मिळाली. तीन-तीन आठवड्यांनी आठ सलाइन. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली, तीत 83 रुग्ण होते; औषध घेतलेल्यांपैकी 83 टक्के लोकांचा डोळा किमान 2 मिलिमीटर मागे गेला, नुसतं सलाइन मिळालेल्यांपैकी 10 टक्के. डोळा एवढा मागे नेणारं औषध याआधी नव्हतं. पण स्नायूंत गोळे येतात, साखर वाढते, आणि काहींचं ऐकू येणं कमी होतं, कधी कायमचं. काहींचे डोळे औषध थांबल्यावर पुन्हा पुढे आले. अमेरिकेत पूर्ण कोर्स लाखो डॉलरच्या घरात जातो. त्याच्यामागे धावताना हातातली वेळ जाऊ देऊ नका.

स्वस्त औषधांवरही काम झालंय, ते बातम्यांत येत नाही. इटलीतच 2021 मध्ये, कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांना स्टेरॉइडबरोबर ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी दिली, तर नुसत्या स्टेरॉइडपेक्षा जास्त जणांना गुण आला. ही गोळी माझ्या दुकानातून रोज जाते. दादांचं कोलेस्टेरॉल तपासलंय का?

सिगारेट. इथे मी हात जोडते. 1993 च्या एका अभ्यासात ओढणाऱ्यांमध्ये या डोळ्यांच्या आजाराचा धोका सात पटींहून जास्त निघाला. ओढणाऱ्यांना तो जास्त तीव्र होतो आणि औषधंही कमी लागू पडतात. डॉक्टरांच्या हातात नसलेला आणि दादांच्या हातात असलेला हा एकच उपाय आहे. घरात कुणी ओढत असेल तर त्यांनीही बाहेर जावं.

रात्री पापण्या पूर्ण मिटत नसतील तर झोपताना डोळ्यात जेल घालून पापणीवर मायक्रोपोअर (कागदी चिकटपट्टी) लावा. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, सकाळची सूज कमी होते. मला एकाचे दोन दिसायचे. स्ट्रिपवरची एक्सपायरी वाचताना मान वाकडी करावी लागायची. चष्म्यावर प्रिझम (दोन प्रतिमा एकत्र आणणारी पारदर्शक पट्टी) चिकटवून तेवढं भागलं. तिरळेपणाची शस्त्रक्रिया सूज विझून सहा महिने स्थिर राहिल्यावरच करतात. आधी खोबणीचं हाड कमी करणं, मग तिरळेपणा, मग पापण्या, हाच क्रम. ज्याची गरज नाही ते वगळतात.

आज रात्री एक करा. लाल झाकण घ्या. दादांचा एक डोळा झाका, दाखवा. मग दुसरा झाका, दाखवा. एका डोळ्याला लाल फिका, विटकरी दिसला, किंवा नजर धूसर झाली असेल, तर फुगलेले स्नायू नजरेची नस दाबत असतील. मग अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, उद्या सकाळीच दाखवायचं. दोन्ही सारखे दिसले, तर या आठवड्यात ऑक्युलोप्लास्टीवाल्यांची वेळ घ्या, आणि दादांचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो सोबत न्या.