अशोकाच्या आधी की नंतर?

प्रश्न : सर, बुद्धपौर्णिमेला गावात वाद रंगला. एक म्हणे, धम्म मराठवाड्यात अशोकाने आणला. दुसरा म्हणे, बुद्धाच्या हयातीतच आला. खरं काय? आणि शाळेची सहल न्यायची तर अजिंठा सोडून कुठे न्यावी?
— एक शिक्षिका, भोकरदन तालुका

उत्तर : ताई, दोघांनाही निम्मे-निम्मेच मार्क मिळतील.

हयातीतला दावा सुत्तनिपात या जुन्या पाली बौद्ध ग्रंथातल्या बावरीच्या कथेवर उभा आहे. गोदाकाठी राहणाऱ्या या म्हाताऱ्या ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य प्रश्न घेऊन बुद्धाकडे धाडले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती करत ते मगधात पोचले. कथेचा हा भाग मागाहून जोडलेला मानतात, तेव्हा तो पुरावा नव्हे. पण वाट खरी आहे, व्यापाऱ्यांच्या रोजच्या राबत्यातली.

अशोकाच्या काळात महाधम्मरक्खित नावाचे थेर (ज्येष्ठ भिक्खू) महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात आले, असं महावंस हा श्रीलंकेतला पाली इतिहासग्रंथ सांगतो. तोही ग्रंथ घटनेनंतर सात-आठशे वर्षांनी लिहिलेला.

मला विचाराल तर ‘कुणी आणला’पेक्षा ‘पैसे कुणी दिले’ हे विचारा. त्यासाठी सहल कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला न्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. तिथल्या खांबावर दान देणाऱ्याचं नाव कोरलंय: मितदेव, पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या घराण्यातला. मगिल नावाच्या राजवैद्याचंही दान आहे. राजाच्या पदरचा वैद्य दान देतो, पण राजाचं नाव कुठे नाही! एका यक्षमूर्तीच्या हातावर तर घडवणाऱ्यानेच नाव घातलंय: कण्हदास, सोनार. सोनाराने दगड घडवला, म्हणून नक्षी दागिन्यासारखी बारीक. तो यक्ष मात्र आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा. विहाराच्या जोत्यावरची हत्तींची रांग जागेवरच आहे. तिथला दगड ठिसूळ, दर्शनी भाग बराच ढासळलाय.

आणि तुमचं भोकरदन काय कमी आहे? त्या काळचं भोगवर्धन ते. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तिथली माणसं आहेत, त्यांचे लेख आजही वाचता येतात. गावातल्या वादात हे कुणीच कसं काढलं नाही?

पितळखोऱ्याची सहल दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात तिथल्या ओढ्याला पाणी असतं आणि पायऱ्या निसरड्या होतात. उतरायच्या पायऱ्या भरपूर आहेत, डबे वरच खाऊन घ्या.