नुसत्या अनुभवावर घरबसल्या मिळणारी पदवी खरी असते का?

फक्त बायोडेटा आणि पैसे पाठवून पूर्ण पदवी मिळत असेल, तर ती बोगसच समजा. भरतीच्या वेळी उमेदवारांची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. खरी विद्यापीठं अनुभवाला काही विषयांपुरतं क्रेडिट देतात, तेही परीक्षा किंवा कामाचे पुरावे तपासून; उरलेला अभ्यासक्रम करावाच लागतो. बोगस दुकानं मात्र पदवीचा एकरकमी दर सांगतात, हवं ते पासिंगचं वर्ष छापून देतात आणि वर गुणपत्रिकाही चिकटवतात. २००४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी वकिलांनी उघड केलेल्या प्रकरणात तर चक्क एका मांजराला अनुभवाच्या जोरावर एमबीए मिळालं होतं! ‘आम्ही मान्यताप्राप्त आहोत’ यावर जाऊ नका, मान्यता देणारी संस्थाही त्यांचीच असू शकते. त्यांच्या वेबसाइटवरची लिंक न उघडता त्या देशाच्या शिक्षण खात्याच्या यादीत नाव स्वतः शोधा. एक अपवाद आहे: फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने अनुभवावर पूर्ण पदवी मिळू शकते, पण त्यासाठी सविस्तर फाइल लिहून परीक्षक मंडळासमोर बसावं लागतं.