कॅप्सूल हॉटेलात मुक्काम : कप्प्याला कुलूप का नसते?

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी जपानला जाणार आहोत. ओसाका येथे एक रात्र, खोलीऐवजी झोपण्यापुरता कप्पा देणाऱ्या कॅप्सूल हॉटेलात काढावी, असे माझ्या फार मनात आहे. पत्नीला मात्र त्या अरुंद कप्प्यात जीव गुदमरेल अशी धास्ती वाटते. कप्प्याला कुलूप नसते असेही ऐकले. मग पासपोर्ट आणि पैसे सुरक्षित कसे राहणार? आम्हां दोघांना शेजारशेजारचे कप्पे मिळतील का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपला बेत त्यावरच ठरणार आहे. बहुतेक कॅप्सूल हॉटेलांत स्त्रिया आणि पुरुष यांची झोपण्याची व्यवस्था वेगवेगळ्या मजल्यांवर असते, आणि काही हॉटेले तर केवळ पुरुषांसाठीच आहेत. त्यामुळे रात्री स्वागतकक्षापाशी एकमेकांचा निरोप घ्यायचा आणि सकाळी तेथेच भेटायचे, अशी तयारी हवी. पत्नीच्या मनात आधीच धास्ती असताना त्यांना वेगळ्या मजल्यावर एकटे झोपायला लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांनी स्वतःहून होकार दिला तरच आरक्षण करावे.

गुदमरण्याविषयी सांगायचे तर, कप्पा साधारण २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असतो व उंची १ मीटरहून थोडी अधिक असते; म्हणजे आत ताठ बसता येते, उभे राहता येत नाही. मी ओसाकात राहिलो तेव्हा मला वरच्या ओळीतला कप्पा मिळाला होता. बाजूच्या छोट्या शिडीने चढून गुडघ्यांवर आत सरकावे लागले. भिंती, छत, उशाजवळची फळी असे सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत होते, आणि दिव्याचे व गजराचे बटण झोपल्याजागी हाताशी येत होते. पायथ्याचा पडदा मी पहिली दहा मिनिटे अर्धाच ओढला आणि श्वास संथ झाल्यावर पूर्ण खाली घेतला. जागेच्या अपुरेपणाने नव्हे, आवाजाने माझी झोप मोडली. पहाटे पाचच्या सुमारास शेजारच्या कप्प्यात कुणाचा तरी मोबाइल भिंतीला टेकून थरथरू लागला आणि तो माझ्याच उशीखाली आहे असे वाटले. कानांत घालायचे बोळे जवळ ठेवावेत आणि गजर मात्र लावू नये, ही विनंती मी प्रत्येकालाच करतो.

कुलूप नसणे हा हॉटेलचालकांचा निष्काळजीपणा नव्हे. जपानच्या निवासव्यवसायविषयक कायद्यानुसार ही हॉटेले सर्वसाधारणपणे ‘कानइ शुकुशो’, म्हणजे साधी निवासस्थाने, या वर्गात मोडतात. आपला कप्पा ही स्वतंत्र खोली न ठरता अनेकांनी मिळून वापरायच्या दालनातील झोपण्याची जागा ठरते, म्हणून तेथे पडदा असतो आणि कुलूप असते ते लॉकरला. पासपोर्ट व पैसे लॉकरमध्ये ठेवून किल्ली मनगटाला बांधून झोपावे. नोंदणीच्या वेळी परदेशी पर्यटकांकडे पासपोर्ट मागतात, तो आधीच हाताशी ठेवावा.

खरी अडचण सामानाची होते. पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकाच्या उमेदा भागात सुरू झाले. त्याचा आराखडा वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांचा होता. १९७२ मध्ये टोकियोत उभा राहिलेला आणि २०२२ मध्ये उतरवला गेलेला नाकागिन कॅप्सूल टॉवर, म्हणजे कप्प्यांसारख्या छोट्या घरांचा मनोराही त्यांचाच. या हॉटेलांचा मुख्य ग्राहक होता रात्रीची शेवटची गाडी चुकलेला नोकरदार. त्याच्याजवळ एक बॅग आणि अंगावरचा कोट एवढेच सामान असे, आणि लॉकर त्याच मापाचे झाले. आपली मोठी सूटकेस त्यात मावणार नाही. ती ‘ताक्यूबिन’ या घरपोच सामानसेवेने पुढच्या मुक्कामी पाठवावी, आणि एका रात्रीपुरती छोटी पिशवी जवळ ठेवावी. सलग दोन रात्रींचे आरक्षण असले तरी अनेक हॉटेलांत सकाळी दहाच्या सुमारास सामानासह बाहेर पडून दुपारनंतर नव्याने नोंदणी करावी लागते. म्हणून एकच रात्र राहावे, हे आपण ठरवलेत ते उत्तम.

प्रश्न : माझ्या आईच्या हातावर जुने गोंदण आहे. कॅप्सूल हॉटेलातील सामाईक स्नानगृहात तिला अडवतील का?

उत्तर : अडवण्याची शक्यता आहे. जपानमध्ये गोंदणाचा संबंध दीर्घकाळ गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेल्याने अनेक सार्वजनिक स्नानगृहांत ते चालत नाही, मग ते देवाचे नाव असो वा तुळशीचे रोप. काही ठिकाणी चिकटपट्टीने झाकले तर हरकत घेत नाहीत, म्हणून आरक्षणापूर्वीच हॉटेलला विचारावे, आणि स्वतंत्र शॉवर असलेले हॉटेल मिळत असेल तर तेच निवडावे. गरम पाण्याच्या सामाईक कुंडात उतरण्यापूर्वी बाहेरच्या नळापाशी बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते, कुंडात कपडे घालून उतरत नाहीत, आणि छोटा पंचाही त्या पाण्यात बुडवत नाहीत. आईंना हे निघण्याआधीच नीट समजावून सांगावे. परक्या बायकांसमोर विवस्त्र होणे त्यांना नको वाटले, तर त्यांना कोणीही आग्रह करू नये.