हळव्या मनाच्या एका विद्यार्थिनीस

साकोली, जि. भंडारा

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘तू सगळेच फार मनाला लावून घेतेस’ असे घरचे आणि मैत्रिणी म्हणतात, तेव्हा मन थोडे घट्ट करून घ्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर स्पष्ट आहे : मुळीच घेऊ नकोस. मात्र आपण संवेदनशील आहोत याचा जो पुरावा तू दिला आहेस, तो मला पुरेसा वाटत नाही, आणि त्याविषयीच आज सविस्तर लिहितो आहे.

उन्हाळ्यात घरची बैलजोडी विकली गेली, त्या रात्री तुला झोप लागली नाही आणि पुढे दोन दिवस अन्न गोड लागले नाही, हे तू तपशिलाने लिहिले आहेस. पण ते बैल कोणत्या रंगाचे होते, त्यांच्या खोडी काय होत्या, त्यांना लहानाचे मोठे कोणी केले, यांतले काहीही पत्रात नाही. तुझे वडील तर एका वाक्यात येतात आणि निघून जातात. ज्या हातांनी दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे म्हटले, त्याच हातांना बाजारात ती दावी दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागली. तुझे दुःख खरे आहे, त्याविषयी मला शंका नाही. परंतु ते इतके मोठे झाले की त्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस तुला दिसेनासा झाला. आपले मन लवकर दुखावणे वेगळे आणि दुसऱ्याचे दुखणे नेमके ओळखता येणे वेगळे. पहिले तुला जन्मतःच मिळाले आहे. दुसरे अभ्यासाने मिळवावे लागते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिताना रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतले एक विघ्न म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन बसणे. त्यावरचा उपायही त्यांनी नाट्यातच पाहिला : गायन, वादन आणि सजवलेला मंडप यांच्या योगाने प्रेक्षक आपल्या विवंचनेतून सुटतो आणि एरवी कोरडा असलेला माणूसही सहृदय होतो. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत राहणाऱ्याला हे ग्रंथातून शिकावे लागत नाही. दिवाळीनंतर धान निघाले की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत शेकडो माणसे थंडीत घोंगडी पांघरून बसलेली असतात. सोसायटीचे कर्ज आणि मुलीच्या लग्नाची काळजी घेऊन आलेला शेतकरी ऑर्गन-तबल्याच्या साथीने गायलेले पद ऐकता ऐकता रंगमंचावरच्या परक्या बाईसाठी डोळे पुसतो. त्या घटकेला तो स्वतःसाठी रडत नसतो, आणि म्हणूनच त्या रडण्याला मी फार मोल देतो.

अभिनवगुप्तांच्या मते सहृदय तो, ज्याच्या मनाचा आरसा काव्याच्या सततच्या अभ्यासाने स्वच्छ झाला आहे. यातला ‘सततच्या अभ्यासाने’ हा भाग लोक विसरतात आणि संवेदनशीलता म्हणजे केवळ उपजत देणगी समजतात.

आता तू पाठवलेल्या, धानाच्या रोवणीवरील कवितेविषयी. हिरवी बांधी, ढगांची सावली, ओणव्या बायांची रांग, हे सारे तू सुंदर टिपले आहेस. तुझी नजर चांगली आहे. तथापि त्या बायांचे पाय कवितेत कुठेच नाहीत. दिवसभर चिखलात मागे मागे सरकत रोपे लावणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रात्री त्यांची आग होते, आणि सकाळी तिला पुन्हा त्याच पाण्यात उतरावे लागते. हे लिहिले तर कवितेचे सौंदर्य उणावेल, असे तुला वाटले असेल. मला तसे वाटत नाही. रोपांच्या चुडांमधले अंतर ती डोळ्यांच्या अंदाजाने किती सारखे राखते, रोप किती खोल खोचायचे हे तिच्या बोटांना कसे कळते, हे पाहणारी नजर आणि तिच्या पायांची आग जाणणारी नजर एकच असली पाहिजे. रस्त्यावर गाडी थांबवून रोवणीचे फोटो काढणाऱ्यांना पहिल्या गोष्टीचाही अर्धाच भाग दिसतो, कारण दुसरी त्यांना ठाऊक नसते. सौंदर्याची जाण आणि माणसाविषयीची कणव यांची अशी फारकत मला मान्य नाही.

आधुनिक मानसशास्त्रातही या विषयाचा विचार झाला आहे. एलेन आणि आर्थर अ‍ॅरन या अमेरिकी संशोधक दांपत्याने 1997 साली संवेदनशीलता मोजण्यासाठी 27 प्रश्नांची एक प्रश्नावली मांडली. पुढे 2006 मध्ये झालेल्या एका अभ्यासात तिचे तीन पदर दिसून आले : बाहेरच्या धकाधकीने चटकन भांबावणे, आवाज-उजेडासारख्या गोष्टींचा लवकर त्रास होणे आणि सौंदर्याची सूक्ष्म जाण असणे. पहिल्या दोहोंचे नाते अस्वस्थ स्वभावाशी अधिक, तर तिसऱ्याचे नव्या अनुभवांसाठी मन खुले असण्याशी अधिक आढळले. तेव्हा भांबावणे कमी केले तर सौंदर्याची जाणही जाईल, ही तुझी भीती अनाठायी आहे.

भवभूती हा आपल्याच भागाचा कवी. त्याचे मूळ गाव पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पदमपूर, असे अभ्यासक मानतात. त्याच्या उत्तररामचरिताचा तिसरा अंक तू मराठी अनुवादातून का होईना, अवश्य वाच. निर्दोष असूनही टाकलेली सीता तिथे अदृश्य रूपाने रामाचा शोक पाहते. तिचा स्वतःचा अपमान ताजा आहे, तिची तक्रार न्याय्य आहे, आणि तरीही समोरचा माणूस कोसळतो आहे हे तिला दिसते. तिच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. बाईने अन्याय मुकाट गिळावा, असा अर्थ मी यातून काढत नाही आणि तूही काढू नकोस. आपली जखम न नाकारता दुसऱ्याची पाहता येते, एवढेच मला तिथे दाखवायचे आहे.

वडिलांना ‘तुम्हाला वाईट वाटले का’ असे विचारू नकोस. आपल्याकडची माणसे अशा प्रश्नाला उत्तर देत नाहीत. ती जोडी कोणत्या बाजारातून आणली, नांगराला धरताना कोणत्या बैलाने जास्त त्रास दिला, हे विचार. त्यांना बोलू दे, मध्ये आपले सांगू नकोस.

यासोबत एक काळजीची गोष्ट सांगतो. झोप न लागणे किंवा जेवण न जाणे आठवड्यांमागून आठवडे चालले, तर ती कवीची खूण समजून जपत बसू नकोस. डॉक्टरांना भेट, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन कर. तो शासनाचा असून रात्रंदिवस चालू असतो. वडील फार गप्प राहू लागले, तर त्यांच्यासाठीही तोच क्रमांक वापर.

रोवणीची कविता इतक्यात स्पर्धेला पाठवू नकोस. यंदा निदान एक पूर्ण दिवस बांधीत उतरून बायांबरोबर रोपे लाव, त्यांना तुझ्या चुका काढू दे, आणि मग ती पुन्हा लिही. नवा खर्डा मला पाठवशील तेव्हा जुनाही सोबत जोड.

तुझा हितचिंतक