दवाखान्यात औषधं नाहीत म्हणून आमदारांकरवी विधानसभेत प्रश्न टाकला, तर खरंच काही होतं का?

होतं. पण ते उत्तराच्या कागदावर शोधायला जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की पालिकेच्या दवाखान्यात चिठ्ठी हातात देऊन औषधं बाहेरून आणायला सांगतात, आणि शेजारी म्हणतात, "प्रश्नाबिश्नाने काय होतंय, बाबू लोक हवं ते उत्तर लिहून मोकळे होतात." त्या शेवटच्या वाक्यापायी लिहायला बसलो, कारण तो बाबू मी आहे. बत्तीस वर्षं मंत्रालयात काढली. लिपिक म्हणून लागलो, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. विभागाचं नाव सांगत नाही. तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो प्रश्न), अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा), लक्षवेधी (तातडीच्या विषयावरची सूचना) मिळून किती उत्तरांचे मसुदे हाताखालून गेले त्याला हिशेब नाही.

२००५ च्या डिसेंबरात सासूबाई मोरीत घसरल्या, खुबा मोडला. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात दाखल केलं. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रे तळमजल्यावर आणि पेशंटची लिफ्ट बंद. मेहुण्याने आणि एका वॉर्डबॉयने चादरीची झोळी करून त्यांना खाली नेलं, परत वर आणलं. चार दिवसांत दोनदा. मी नागपुरात होतो, हिवाळी अधिवेशनाला. बायकोचे फोन यायचे आणि मी कुठल्यातरी दुसऱ्याच रुग्णालयातल्या रिक्त पदांची माहिती गोळा करत बसलेला. मुंबईत उतरल्यावर थेट तिकडे गेलो, तर ओळखपत्र बघून लिफ्टमनने मला मागच्या बाजूच्या स्टाफ लिफ्टने वर सोडलं. ही मागची लिफ्ट लक्षात ठेवा.

मेहुणा परळचा, गिरणीत होता, ब्याऐंशीचा संप अंगावर घेतलेला माणूस. त्याच आठवड्यात दिल्लीत पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना घरी पाठवलं होतं, त्यावरून आईच्या पलंगाशी उभा राहून त्याने मला ऐकवलं, "बघा भावोजी, तुमचे प्रश्न!" जणू प्रश्न मी विकले होते. आणि मग स्वतःच आमदारांच्या कार्यालयात जाऊन पीएकडे कागद देऊन आला. मला न सांगता.

मार्चमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशनात, तो कागद तारांकित प्रश्न होऊन माझ्या टेबलावर आला. रुग्णालयातील दोन्ही उद्वाहने गेल्या सहा महिन्यांपासून बंद असल्याने रुग्णांना झोळीतून न्यावे लागत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? (उद्वाहन म्हणजे लिफ्ट. बत्तीस वर्षांत एकाही माणसाला तोंडाने उद्वाहन म्हणताना ऐकलं नाही.) "झोळी" वाचलं आणि हा कागद कुठल्या घरातून निघालाय ते कळलं.

आता प्रश्न आल्यावर काय होतं ते बघा. रुग्णालयाला फॅक्स गेला. सार्वजनिक बांधकामच्या विद्युत शाखेला गेला, कारण सरकारी इमारतीतली लिफ्ट त्यांच्या ताब्यात. लिफ्टला परवाना देणारे, तपासणारे निरीक्षक ऊर्जा विभागाचे. म्हणजे पेशंट एका खात्याचा, लिफ्टचा दोर दुसऱ्या खात्याचा आणि तो धड आहे का बघणारा तिसऱ्याचा. रुग्णालयाने ऑक्टोबरपासून चार पत्रं पाठवली होती, सुटा भाग मिळत नाही एवढंच उत्तर. आमच्याकडून फोन गेला, "अधिवेशन आहे, उत्तर द्यायचंय." नवव्या दिवशी सुटा भागही मिळाला, मेस्त्रीही मिळाला आणि लिफ्ट चालू झाली.

मग मी मसुदा लिहिला. "हे अंशतः खरे आहे. दोनपैकी एक उद्वाहन सुमारे पाच महिने बंद होते. ते आता दुरुस्त करण्यात आले आहे." साहेबांनी वाचला.

"दोन्ही बंद होत्या का?"

"नाही साहेब. स्टाफची चालू होती."

"सहा महिने?"

"पाच."

"आज बंद आहे?"

"नाही."

"मग ह्यातलं खरं काय आहे?"

आणि लाल पेनाने "अंशतः"पासून पुढचं सगळं छाटलं. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. मी खाली आद्याक्षरं केली.

लोकांना वाटतं आम्ही खोटं लिहायचो. सभागृहाला धडधडीत खोटी माहिती दिली तर हक्कभंग होतो, म्हणजे सभागृहाचा अधिकार मोडल्याचा ठपका येतो, त्याला सगळे टरकून असतात. खोटं लिहायची गरजच पडत नाही. प्रश्नात एक चुकीचा आकडा, एक "सर्व", एक "दोन्ही" सापडला की पुरतं.

आणि गंमत अशी की खरं सगळं लिहिलं होतं. मंत्र्यांना उपप्रश्नांची तयारी म्हणून पूरक टिपणी देतात. त्यात बंद पडल्याची तारीख, चार पत्रं, झोळी, सगळं मीच नीट टाइप करून घातलं होतं. आमदारांनी उठून "पेशंटची लिफ्ट केव्हापासून बंद होती?" एवढं विचारलं असतं तर ते बाहेर आलं असतं. पण प्रश्नोत्तराचा तास म्हणजे एकच तास. यादीतले वरचे काही प्रश्न होतात, त्यातही गोंधळ झाला तर तेवढेही नाहीत. आमचा प्रश्न खाली होता. तास संपला, उत्तर पटलावर गेलं, म्हणजे चर्चा न होता लेखीच सभागृहापुढे ठेवलं गेलं, टिपणी मंत्र्यांच्या फायलीतच राहिली.

मी हे बायकोला सांगितलं, ही चूक. तिने भावाला सांगितलं. त्या वर्षी गणपतीत, आरतीच्या आधी, सगळ्या पाहुण्यांसमोर मेहुणा म्हणाला, "आईला झोळीतून नेलं हे खरं नाही, असं आमच्या भावोजींनी सरकारला लिहून दिलंय." मी म्हटलं, लिफ्ट चालू झाली ती तुझ्या प्रश्नामुळेच. तो म्हणाला, "बंदच नव्हती तर चालू कशी झाली?" ह्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. माझा मूळ मसुदा दाखव म्हणाला. ती फाइल पुढे २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत गेली की नंतरच्या हलवाहलवीत, देव जाणे.

आज उत्तर आहे, म्हणून इथे लिहितो. अरे बाबा, तू "दोन्ही" लिहिलंस! मागची लिफ्ट तुला दिसली नाही, कारण तिथे तुला कुणी जाऊ दिलं नाही, हे मला कळतं. पण कुणाला तरी विचारायचंस. घरात मंत्रालयातला माणूस होता.

हे फक्त आमच्याकडेच चालतं असं नाही. १४ सप्टेंबर २०२०, लोकसभा. लॉकडाऊनमध्ये घरी जाताना किती स्थलांतरित मजूर मेले, त्यांना भरपाई दिली का? श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर: अशी आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. मी वाचलं आणि ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं. २० जुलै २०२१, राज्यसभा. ऑक्सिजनअभावी किती मृत्यू? उत्तर: आरोग्य हा राज्यांचा विषय, आणि राज्यांनी ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं असं वेगळं कळवलेलं नाही. लोक चिडले, नाशिकच्या पालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीने वीसहून जास्त माणसं गेली त्याला तीन महिनेच झाले होते. पण शब्द बघा: "झाले नाहीत" कुठेही म्हटलेलं नाही, "कळवले नाहीत" म्हटलंय. मसुदा लिहिणाऱ्याला मनातल्या मनात सलाम ठोकला, आणि मग लाज वाटली.

उलटही घडतं, सगळं बाहेर येतं आणि मंत्र्यालाच जावं लागतं. १९८६ मध्ये जेजे रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ पेशंट दगावले तेव्हा मी नवा लिपिक होतो. न्या. लेंटिन यांचा आयोग बसला, १९८८ मध्ये अहवाल आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना खुर्ची सोडावी लागली. म्हणून प्रश्नाला कमी लेखू नका. फक्त चौदा माणसं मरायच्या आधी विचारा, आणि नीट विचारा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, पत्ता आधी बरोबर पाहिजे. केईएम, सायन, नायर आणि तुमचा दवाखाना पालिकेचे, म्हणजे प्रश्न नगरविकास विभागाकडे. जेजे, कामा, जीटी वैद्यकीय शिक्षणाकडे. चुकीच्या खात्याकडे गेला की "सदर बाब या विभागाशी संबंधित नाही", आणि एक अधिवेशन फुकट. आधी नगरसेवकाला गाठा हेही खरं. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून प्रशासक आल्यावर तो रस्ता काही वर्षं बंदच होता, तेव्हा दवाखान्यातल्या पंख्यासाठीसुद्धा आमदार धरावा लागे. जमलं तर लक्षवेधी मागा, त्यात मंत्र्याला उभं राहून निवेदन करावं लागतं. तिथे "महिन्याभरात करतो" असं तोंडून निघालं की ते आश्वासन समितीच्या (मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले का बघणारी आमदारांची समिती) वहीत जातं, आणि खात्याला त्या समितीची भीती वर्तमानपत्रापेक्षा जास्त असते.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता सगळं ऑनलाइन झालंय, तेव्हा मुदती वगैरे पीएला विचारा. आणि सगळेच आमदार प्रश्न लोकांसाठी टाकतात असंही समजू नका. काही प्रश्न ठेकेदाराला ऐकू जावेत म्हणून टाकलेले असतात, ते मसुदा लिहिणाऱ्याला वासावरून कळतं. तुमच्या आमदाराने काय काय विचारलंय ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच्या याद्यांत आधी वाचा, आणि मगच कागद द्यायचा का ते ठरवा.

कागदात तारखा लिहा. कुठलं औषध, कुठल्या दिवशी, किती पेशंटना बाहेरून आणायला सांगितलं. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडा. विशेषणं नकोत, "गोरगरीब जनतेचे हाल" नको. आणि "सर्व औषधे उपलब्ध नाहीत" असं चुकूनही लिहू नका. पॅरासिटामॉल कपाटात असतंच, आणि तेवढ्या एका पाकिटावर तुमचा अख्खा प्रश्न उडवता येतो. मी उडवला असता.