मुंबई ते लंडन: किलोमीटरवरून वेळ काढू नकोस

अरे, ७,२०० किमीला ९०० च्या स्पीडने भागून ८ तास काढलेस, गणित बरोबर आहे पण विमान असं चालत नाही. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरचं सगळ्यात जवळचं, प्रत्यक्षात एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर वळसा पडतो, शिवाय तिकिटावरच्या वेळेत रनवेपर्यंत रांगत जाणं पण धरलेलं असतं. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास धर.

येताना तासभर कमी लागतो, कारण वर जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार, वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, जाताना तोच समोरून येतो.

आणि तिकिटावरच्या वेळा बघून नवीन माणूस हमखास गोंधळतो बघ, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात! म्हणजे हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी साडेपाचला उतरलास तर साडेचार नाही, त्यात साडेपाच तासांचा फरक मिळव, झाले दहा. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ पुढे करतात, तेव्हा फरक साडेचारच.

दुबई-दोहावरून जाणार असशील तर तिथला हॉल्ट वेगळा धर, आणि दीड तासापेक्षा कमी असेल तर मी तरी ते तिकीट घेणार नाही.