घुमणारा स्पीकर, लुकलुकणारे दिवे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मंचावरच्या आवाजाबद्दल आणि दिव्यांबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा शेवट ‘नवीनच घ्यावं का?’ असा आहे. माझं उत्तर जवळपास प्रत्येकाला एकच आहे : आधी थांबा. बिघाड बहुधा एकाच जागी असतो, आणि ती जागा पुष्कळदा एखादी केबल, कनेक्टर किंवा वीजजोडणी निघते. ती पक्की सापडेपर्यंत कुठलाही स्क्रू उघडू नका आणि कशावरही खर्च करू नका.

प्रश्न : मिक्सरला लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज येतो. चार्जर काढला की थांबतो. एका मित्राने चार्जरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगितलं आहे. काढू का?

नाही. चार्जरचीच नव्हे, कुठल्याच उपकरणाची अर्थ कधीही तोडू नका. एखाद्या उपकरणाच्या धातूच्या बॉडीत फेज उतरली तर तो प्रवाह अर्थमधून जातो आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. अर्थच नसेल तर तोच करंट केबलच्या जाळीतून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) माईकपर्यंत येऊन बसतो. मग गिटार हातात असलेल्या गायकाचे ओठ माईकला लागले की सर्किट त्याच्या शरीरातून पूर्ण होतं. अशा धक्क्याने माणसं दगावलेली आहेत. मित्राचा सल्ला कितीही चांगल्या हेतूने असला तरी तो मानू नका.

आता दोषाकडे वळू. चार्जर काढून तुम्ही अर्धं निदान केलेलंच आहे. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थला जोडलेले आहेत, आणि ऑडिओ केबलची जाळी त्यांना पुन्हा एकमेकांशी जोडते. यातून एक बंद कडं तयार होतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये किंचित जरी व्होल्टेजचा फरक असला तरी जाळीतून प्रवाह वाहतो आणि मिक्सर त्याला सिग्नल समजून मोठा करतो. पहिला उपाय फुकटचा आहे : दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल मिक्सरला साजेसा करून देणारी छोटी डबी, घ्या. त्याच्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण फक्त ऑडिओ केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून ते दाबणं सुरक्षित आहे.

घुमण्याचा प्रकार कानाने ओळखायला शिका, पुष्कळ वेळ वाचतो. खोल, जाड ‘हुंऽऽ’ म्हणजे मेन्सची (सॉकेटमध्ये येणाऱ्या विजेची) वारंवारता, ५० हर्ट्झ (काही देशांत ६०). तिथे लूप शोधायचा किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल. त्याहून वरचा, दुप्पट वारंवारतेचा आवाज उपकरण एकटं चालू असतानाही येत असेल तर त्याच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारा भाग) थकलेला असण्याची शक्यता मोठी. आणि डिमर (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारं उपकरण) वरखाली केल्यावर बदलणारी रखरखीत ‘झर्रर्र’ ही दिव्यांकडून आलेली असते. थायरिस्टरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा, डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा तुकडा कापतो आणि त्या कापलेल्या कडेतून हा त्रास पसरतो. दिवे साधारण निम्म्यावर असताना तो सर्वांत जास्त. दिव्यांच्या आणि आवाजाच्या केबल शेजारीशेजारी पसरू नका. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. शक्य असेल तिथे साउंडला वेगळी फेज द्या.

एवढं करूनही एकाच माईकवर घुमत राहिलं तर त्याची केबल मल्टिमीटरवर तपासा. बॅलन्स्ड एक्सएलआर केबलमध्ये (माईकची नेहमीची तीन पिनांची केबल) पिन १ वर जाळी असते, २ आणि ३ वर उलट्या पोलॅरिटीचे सिग्नल. बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे तो आपोआप वजा होतो. पण २ किंवा ३ ची तार तुटली तर आवाज पूर्ण बंद पडेलच असं नाही. तो बारीक किंवा पातळ होतो आणि संरक्षण मात्र जातं. अशी केबल ‘चालू आहे’ म्हणून वर्षानुवर्षं पेटीत फिरत राहते.

प्रश्न : बारा एलईडी पार (मंचाचे गोल दिवे) एका ओळीत डीएमएक्सवर, म्हणजे दिव्यांना हुकूम देणाऱ्या डेटा केबलवर, जोडले आहेत. शेवटचे तीन-चार मध्येच लुकलुकतात, कधी भलताच रंग दाखवतात. केबल कमी पडल्या म्हणून काही ठिकाणी माईकच्या केबल वापरल्या आहेत. दिव्यांचे बोर्ड गेले असतील का?

बोर्ड गेले असतील असं वाटत नाही. कारण तुमच्या प्रश्नातच आहे.

डीएमएक्स ५१२ मध्ये सेकंदाला २,५०,००० बिट जातात, म्हणजे एका बिटला जेमतेम ४ मायक्रोसेकंद मिळतात. ही माहिती १२० ओहमच्या आसपास इम्पीडन्स असलेल्या केबलसाठी बेतलेली आहे. माईकची केबल दिसायला तशीच, कनेक्टरही तोच, पण तिचा इम्पीडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा विरोध) कमी आणि कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) जास्त. लांबी वाढत गेली की पल्सच्या धारदार कडा गोल होत जातात. त्यात ओळीचं शेवटचं टोक मोकळं असेल तर सिग्नल तिथे आपटून मागे फिरतो आणि येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. दिव्याला मग शून्य कुठलं आणि एक कुठला, ते नीट कळत नाही.

आजच करण्यासारखं काम म्हणजे टर्मिनेटर, सिग्नल मागे फिरू न देणारा टोकाचा प्लग. एक्सएलआरच्या एका मेल प्लगमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १२० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टर सोल्डर करा आणि तो प्लग शेवटच्या दिव्याच्या ‘आउट’मध्ये खोचा. एवढ्यानेच लुकलुकणं थांबलेलं मी वारंवार पाहिलं आहे, पण म्हणून माईकच्या केबल तशाच ठेवू नका. पुढे-मागे त्याच केबल कुणीतरी घाईत फँटम पॉवर (माईकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असलेल्या मिक्सरमध्ये लावेल, आणि ४८ व्होल्ट दिव्याच्या डेटा चिपवर गेले तर खरोखरच बोर्ड जाईल. डीएमएक्सच्या प्रमाणात ५ पिनांचाच कनेक्टर सांगितलेला आहे. ३ पिनांचा वापर बाजारात रूढ झाला आणि ही सरमिसळ सुरू झाली.

टर्मिनेटरनेही थांबलं नाही तर ओळ अर्ध्यावर तोडा. फक्त पहिले सहा दिवे ठेवा आणि टर्मिनेटर सहाव्यावर आणा. ठीक चालले तर दोष पुढच्या अर्ध्यात; तोही पुन्हा अर्धा करा. ज्या दिव्यापासून गडबड सुरू होते तो दिवा, त्याच्या आधीची केबल आणि त्याआधीच्या दिव्याचं ‘आउट’ सॉकेट, हे तीन संशयित. यातला शेवटचा सर्वांत जास्त वेळा नजरेतून निसटतो. केबलबद्दल खात्री करायची असेल तर दिवे बाजूला ठेवून सगळ्या केबल एकमेकींना जोडा, टोकाला टर्मिनेटर लावा आणि दुसऱ्या टोकाला २ व ३ मध्ये मीटर धरा. १२० च्या थोडं वर दिसलं तर केबल ठीक, शून्याजवळ दिसलं तर शॉर्ट, काहीच दिसलं नाही तर तार तुटलेली. मीटर धरलेलं असताना दुसऱ्या कुणाला तरी एकेक कनेक्टर हलवायला सांगा.

रंग चुकतो पण स्थिर राहतो, असा एखादा दिवा असेल तर तो वेगळा आजार आहे. त्याचा अ‍ॅड्रेस (ओळीतला त्याचा सुरुवातीचा चॅनल नंबर) किंवा मोड (तो किती चॅनल वापरतो) बदललेला असतो. ७ चॅनलच्या मोडमध्ये पहिला १ वर, दुसरा ८ वर, तिसरा १५ वर, असा हिशेब एकदा जुळवून पाहा.

प्रश्न : सॉकेट कमी पडले म्हणून एलईडी पार डिमरच्या चॅनलवर लावला आणि चॅनल फुल ठेवला. चालेल ना?

चालणार नाही. एलईडीच्या आत स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. त्याला अखंड वीज लागते आणि डिमर फुलवर असतानाही ती पूर्ण स्वच्छ देईलच असं नाही. तालमीत कुणी चुकून फेडर (सरकवायची पट्टी) खाली घेतला की कापलेली वीज सप्लायवर जाते आणि तो गरम होऊन जातो. मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे), फॉग मशीन यांनाही हाच नियम. थेट मेन्समधून लाइन ओढा.

प्रश्न : जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरचे दोन फेडर सरकवताना खरखरतात. गंजलेले नट सैल करायचा स्प्रे आहे, तो मारू का?

तो स्प्रे मिक्सरपासून लांब ठेवा. त्यातलं तेल आत राहतं, त्यावर धूळ चिकटते आणि काही दिवसांत खरखर दुप्पट होते.

मिक्सर बंद करून प्लग काढा. मऊ ब्रशने फटीतली धूळ काढा आणि फेडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा सरकवा. पुष्कळदा ट्रॅकवरचा थर एवढ्यानेच निघतो. नाही निघाला तर फेडरसाठीच असलेला, प्लास्टिकला न खाणारा काँटॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा आणि पूर्ण सुकल्यावरच मिक्सर चालू करा. थोडा म्हणतो कारण फेडरची ती मखमली चाल ग्रीसमुळे असते. ती धुऊन निघाली की फेडर ढिला होतो.

साफ करूनही तोच फेडर खरखरत असेल तर ट्रॅकवर डीसी (एकाच दिशेचा करंट) येत असणार, म्हणजे तो अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. फेडरवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्टच्या वर असेल तर फेडर नव्हे, कपॅसिटर बदला. आणि हात न लावताही चॅनल मधूनच बारीक होत असेल तर ‘इन्सर्ट’च्या (बाहेरचं उपकरण मध्ये जोडायच्या) सॉकेटमध्ये एक जॅक चार-पाच वेळा आतबाहेर करा. त्या सॉकेटमधल्या पत्तीतूनच सिग्नल पुढे जातो, ती काळवंडली की चॅनल रुसतो. हा दोष माहीत नसल्यामुळे चांगले मिक्सर भंगारात गेले आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : दोन स्पीकरपैकी एकातून फक्त खर्ज येतो, शब्द कळत नाहीत. ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) बदलावा का?

अ‍ॅम्प बंद करा, डाव्या-उजव्या स्पीकरच्या केबल अ‍ॅम्पच्या मागे अदलाबदल करून लावा आणि पुन्हा ऐका. दोष त्याच स्पीकरच्या पेटीत राहिला तर पेटी किंवा तिची केबल. दुसरीकडे गेला तर अ‍ॅम्प किंवा मिक्सर. या पायरीशिवाय कुणीही पेटी उघडू नये असं माझं ठाम मत आहे.

पेटीतच असेल तर ट्वीटरची एक तार सोडवून मीटर लावा. ८ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साडेपाच ते साडेसहाच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली. हॉर्नच्या ड्रायव्हरमध्ये बहुधा फक्त डायफ्रॅम बदलता येतो, अख्खा ड्रायव्हर घ्यावा लागत नाही. कॉइल चांगली असेल तर क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरची पट्टी वेगळी करणारं सर्किट) पाहा. काही पेट्यांत ट्वीटरच्या संरक्षणासाठी तिथे छोटा बल्ब लावलेला असतो. तो उडाला असेल तर तसाच बल्ब लावा. त्याच्या जागी तार जोडली तर पुढच्या वेळी ट्वीटर जाईल.

आणि तो का जळाला, ते शोधल्याशिवाय नवा लावू नका. अ‍ॅम्पचा लाल दिवा सतत लागलेला असतो का? तेव्हा लहरींचे माथे छाटले जात असतात, सरासरी शक्ती वाढते, वरच्या पट्टीतली ऊर्जाही वाढते आणि ट्वीटरची बारीक तार तापत राहते. आवाज अजून हवा असेल तर मोठी यंत्रणा घ्या, गेन वाढवू नका. अ‍ॅम्प स्वतःच ‘प्रोटेक्ट’मध्ये जात असेल तर सगळे स्पीकर काढून चालू करा. तरीही सुटला नाही तर दोष आत आहे, आणि तो घरी उघडायचा नाही : प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

प्रश्न : नटाने पाठ फिरवली की त्याच्या कॉर्डलेस माईकचा आवाज मध्येच तुटतो. बॅटरी नवीन आहे.

रिसीव्हर कुठे ठेवला आहे ते आधी पाहा. बहुधा तो पडद्यामागे लोखंडी रॅकमध्ये, अँटेना दुमडलेल्या स्थितीत असतो. ५००-६०० मेगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरात चांगल्याच शोषल्या जातात. रिसीव्हर मंच दिसेल अशा जागी, डोक्याहून उंच ठेवा, दोन्ही अँटेना इंग्रजी व्हीसारख्या उघडा आणि ट्रान्समीटरची अँटेना घामाने भिजलेल्या त्वचेला चिकटू देऊ नका. एलईडी वॉलपासून दूर राहा.

माईक एकाहून जास्त असतील तर समान अंतरावरच्या फ्रीक्वेन्सी टाळा. ५२० आणि ५२१ एकत्र चालले की ५१९ आणि ५२२ वर त्यांचं भूत, म्हणजे खोटा सिग्नल, उभं राहतं, मग ५२२ वरचा तिसरा माईक तुटणारच. कंपनीने दिलेले ग्रुप (एकत्र चालणाऱ्या फ्रीक्वेन्सींचे संच) वापरा. ट्रान्समीटर बंद असूनही रिसीव्हरवर सिग्नलच्या पट्ट्या दिसत असतील तर ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली आहे.

प्रश्न : एकाच पारमधला १००० वॉटचा हॅलोजन वारंवार जातो. बाकीचे व्यवस्थित टिकतात.

तो पार दुसऱ्या डिमर चॅनलवर लावून पाहा. तिथेही गेला तर होल्डर दोषी धरा. २३० व्होल्टवर त्यातून ४ अँपिअरहून जास्त करंट जातो. पत्ती सैल असली की तिथे ठिणग्या पडतात, खड्डे होतात, खड्ड्यांमुळे अजून उष्णता. नवा दिवा लावला की त्याच्याही पिना जळतात. वीज काढून, पार थंड झाल्यावर होल्डर उजेडात धरा : पत्ती निळसर-काळी, चिनी मातीला चीर, तारेचं आवरण कडक होऊन तडकलेलं, यातलं एकही दिसलं तर होल्डर बदला आणि तारही उष्णता सहन करणारीच घाला. खड्डे पडलेल्या पिनांचा जुना दिवा नव्या होल्डरमध्ये लावू नका, तो नवा होल्डर खराब करतो. पार वर चढवताना सेफ्टी चेन अडकवायला विसरू नका. पहिल्या तालमीनंतर दिवा थंड झाला की पिना पुन्हा पाहा, आणि त्या काळ्या पडत असतील तर पत्तीचा ताण अजून कमी आहे असं समजा.